दावणीला बांधलं का?

आमच्या शाळेच्या ऑफिसात कुणी काम अर्धवट टाकून चहाला उठलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "दावणीला बांधलं का?" नव्या क्लार्कला पहिल्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी तो कळल्यासारखं करतो. मग कधीतरी लाइट जाते, त्याचं सकाळपासूनचं टायपिंग जातं, आणि तेव्हा त्याला कायमचं कळतं: केलेलं काम सेव्ह करायचं, मगच खुर्ची सोडायची. हा शब्द माझा नाही. गडदे सरांचा आहे.

ज्ञानोबा गडदे वसमतला कॉम्प्युटरचा क्लास चालवत. बसस्टँडपासून आत गेलं की खताच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथं. तेव्हा आमचा तालुका परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली अजून वेगळी व्हायची होती. मी त्या क्लासचं ऑफिस सांभाळायची: प्रवेश, वेळापत्रक, फ्लॉप्या कोणाकडे गेल्या आणि कोणाकडून आल्या नाहीत, खालच्या दुकानदाराशी जिन्यातल्या पोत्यांवरून भांडण. बाकी सगळं सर करत. शिकवत, मशिनी जोडत, बिघडल्या की उघडत, आणि रोज सकाळी मेंढीच्या लोकरीचा गोंडा काठीला बांधून सगळे कीबोर्ड झाडत. लोकर त्यांच्या घरचीच. सर गोरेगावच्या बाजूचे, मेंढपाळाच्या घरचे. धाकटे भाऊ मारोती कळप सांभाळत आणि सर नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकून वसमतला आले होते.

उंच, किडकिडीत, डोक्यावर कायम पांढरी टोपी. आवाज मात्र अंगाला न शोभणारा. दोन शिवारं पलीकडचं माणूस वळून पाहील असा. खतवाला म्हणायचा, तुमच्या सरांमुळं मला पण अर्धा कॉम्प्युटर येतो.

क्लासला येणारी बहुतेक लेकरं खेड्यातली. हट्ट्याची, आसपासच्या वाड्यांची. पडद्यावरचं इंग्रजी पाहिलं की त्यांचे हात कीबोर्डावरून उचलले जायचे. सरांनी त्यावर एक साधा मार्ग काढला होता. प्रत्येक कामाला त्यांनी घरची हाळी, मेंढरांना देतात ती हाक, लावली. सेव्ह म्हणजे दावणीला बांध. चुकलं, मागं घे, म्हणजे माघारी फिर. मजकुराची नक्कल दुसरीकडे न्यायची तर पिल्लू सोड. आणि शेवटी मशीन नीट बंद करायचं म्हणजे वाघूर लाव. वाघूर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायला लावतात ती जाळी. ती नीट लावली नाही तर सकाळी कळप कमी भरतो, हे त्या पोरांना सांगायची गरज नव्हती. सर दारातून नुसते "दावण!" म्हणाले की सगळी बोटं एकदम खाली जायची.

मशीन उघडण्याआधी सर खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत. अंगात साठलेली वीज त्या गजातून निघून जावी, आतल्या नाजूक भागांना तिचा झटका बसू नये, एवढंच त्यामागं होतं. पोरांनी त्याचा वेगळा अर्थ घेतला. कधीतरी माझ्या लक्षात आलं की पोरं गजाला हात लावून तो कपाळाला लावतात. एका पोरीनं तर गजाला हळदकुंकू लावलं होतं. मी सरांना म्हटलं, यांना एकदा खरं काय ते सांगा.

सर म्हणाले, "सांगितलंय. ऐकतेत, अन् पुन्हा पाया पडतेत. पडू द्या ताई. हात तर लागून राहिला न गजाला?"

आता देशमुख सरांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय गडदे सर पुरे होत नाहीत. रस्त्याच्या पलीकडे, आमच्या बरोबर समोर, त्यांचा क्लास होता. देशमुख पुण्याला शिकून आलेले, इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ बोलणं. त्यांच्या टेबलावर एक पितळी घंटी असे. तास सुरू करताना एकदा, संपवताना एकदा. ती वाजली की समोरचा क्लास इतका गप्प व्हायचा की आमच्याकडे ऐकू यायचं. गडदे सर एकदा कौतुकानं म्हणालेही, "मानसाला घंटी लावली राव यानं." पण हे आमच्यापुरतं. दोघं एकमेकांच्या पायऱ्या चढत नसत. जे बोलायचं ते चहाच्या टपरीवर, तेही तिसऱ्याकडे पाहून.

भांडणाचं मूळ होतं प्रोसेसर. म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. देशमुख फक्त मोठ्या कंपनीचं डोकं बसवलेल्या मशिनी विकत. गडदे सर धाकट्या कंपनीचं बसवत. ते स्वस्त पडे. देशमुख गिऱ्हाइकाला सांगत की गडद्यांकडं डुप्लिकेट माल असतो. हे ऐकलं की सर तापत. मग समोर कुणीही असो, पोराला सोडायला आलेला बाप असो की रॉकेल मागायला आलेला शेजारी, त्याला खुर्चीवर बसवून सगळं पहिल्यापासून सांगत.

"ह्या डोक्याला ठरलेले हुकूमच कळतेत. हे दोन आकडे मिळव. हे उचल, तिकडं ठेव. जगातले समदे प्रोग्रॅम त्या हुकमात लिहिलेले. मोठ्या कंपनीनं हुकूम ठरवले, धाकटीनं तेच हुकूम मानणारं डोकं आपल्या हातानं घडवलं. आता मला सांगा, मेंढरू काय बघतं? हाळी बघतं का हाळी देणाऱ्याचं आडनाव?"

समोरचा म्हणायचा, हाळी बघतं. सर म्हणायचे, "मंग डुप्लिकेट काहून?"

त्यांचा हा अभिमान एकदा पार जळाला, तेही भर सभेत. हट्ट्याच्या शाळेत कॉम्प्युटर दाखवायला बोलावलं होतं. सरांनी मशीन जीपमध्ये मांडीवर धरून नेलं. तरी रस्ता रस्ता होता. हादऱ्यांनी प्रोसेसरवरचा पंखा सैल झाला. धाकट्या कंपनीची डोकी तेव्हा फार तापत, पंख्याशिवाय क्षणभर टिकत नसत. गावकरी जमले, हेडमास्तरांनी नारळ फोडला, सरांनी बटन दाबलं, आणि डब्यातून धूर निघाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "झालं का दाखवून?"

हेडमास्तरांनी वसमतला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी देशमुखांचं मशीन आणवलं. देशमुख स्वतः आले. गडदे सरांना वाटलं असतं तर ते आदल्या दिवशीच घरी निघून येऊ शकले असते. पण ते तिथंच थांबले होते. त्यांनी खिशातून आपली फ्लॉपी काढली, त्यात त्यांनी पोरांसाठी पाढ्यांचा एक खेळ लिहिलेला होता, आणि ती देशमुखांच्या मशिनीत घातली. खेळ जसाच्या तसा चालला. पोरं नाचायला लागली. सर देशमुखांकडे न पाहता हेडमास्तरांना म्हणाले, "पघा. डोकं त्यांचं, खेळ माझ्या डोक्यावर लिहिलेला. हुकूम एकच हायेत म्हणून चालला."

परत येताना टपरीवर देशमुख चहावाल्याला म्हणाले, गडद्यांची कंपनी भजी बरी तळते. सरांनी बशीतला चहा संपवला. "व्हय," ते चहावाल्यालाच म्हणाले, "डोक्याची गरम हाय. पण हुकूम मोडत न्हाई." ते जळलेलं डोकं पुढं कित्येक वर्षं त्यांच्या टेबलावर होतं. त्याखाली ते परीक्षेचे कागद दाबून ठेवत.

वर्षं गेली. जिल्हा वेगळा झाला. काळा पडदा जाऊन रंगीत आला, फ्लॉपी जाऊन सीडी आली. सर दर महिन्याला पोस्टानं येणारं कॉम्प्युटरचं मासिक वाचत. पाकीट जिन्यातच फोडत. दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. सर एक अंक हातात धरून पायऱ्यांवरच बसले होते. मला वाटलं, घरची काही वाईट बातमी.

बातमी अशी होती. काही वर्षांपूर्वी मोठ्या कंपनीनं एकदम मोठा घास घेणारं, म्हणजे एका वेळी दुप्पट लांबीचे आकडे पेलणारं डोकं काढलं होतं, आणि त्याच्यासाठी सगळे हुकूम नवे ठरवले होते. जुने प्रोग्रॅम त्यावर रखडत. लोक काही तिकडं वळले नाहीत. धाकट्या कंपनीनं वेगळं केलं. जुने हुकूम सगळे ठेवले आणि वर नव्यांची भर घातली. आणि आता मोठ्या कंपनीनं जाहीर केलं होतं की आपणही धाकटीचेच ते नवे हुकूम मानणारी डोकी काढणार.

"ताई, नवी हाळी घेऊन ते उभे राहिले, कळप जागचा हलला न्हाई," सर म्हणाले. "आता पघा. ज्यांच्या हुकमावर धाकट्यानं जन्म काढला, ते धाकट्याचे हुकूम घेऊन राहिले."

त्यांनी पेढे आणवले. पहिला पुडा माझ्या हातानं रस्त्यापलीकडे पाठवला. देशमुखांनी बातमी ऐकली, अर्धा पेढा खाल्ला, अर्धा कागदावर ठेवला. म्हणाले, "मोठ्यानं धाकट्याचं घेतलं म्हणून धाकटा मोठा होत नसतो, सांगा गडद्यांना."

मी तसंच सांगितलं. सर रागावतील वाटलं होतं. ते हसले. "मोठं व्हायचं कुनाला हाय? कुनी कुनाचं घेतलं तर त्यात हार न्हाई. कळप चालला पायजे."

हे बोलताना त्यांचा आवाज फाटला. मला वाटलं आनंदानं. पण तो पुढं तसाच राहिला. आधी घोगरा, मग मधेच तुटणारा. पोरं मागच्या रांगेतून पुढं सरकायला लागली. मी ओव्याचा काढा, हळदीचं दूध, सगळं करून पाहिलं. शेवटी मारोती आले आणि त्यांना नांदेडला घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, ऑपरेशन लवकर करावं लागेल. जीव वाचेल. आवाजाचं सांगता येणार नाही.

सर परत आले ते माझ्याशी थेट बॅचबद्दलच बोलले. परीक्षा दोन महिन्यांवर होती. त्या बॅचमध्ये लांबून येणाऱ्या पोरी बऱ्याच होत्या. एकीच्या घरून तर सरळ निरोप होता, या परीक्षेपर्यंत शाळा-क्लास काय ते, मग आम्ही पोरीचं बघतो. परीक्षा हुकली की ती पोरगी पुन्हा वसमतला येणार नव्हती. सर तिचं नाव न घेता म्हणाले, "ही लेकरं वाटेवर सोडून कसा जाऊ?"

मग त्यांनी टोपी नीट केली, जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि देशमुखांच्या पायऱ्या चढले. मी मागोमाग गेले. इतक्या वर्षांत सर त्या पायऱ्या पहिल्यांदाच चढले होते.

देशमुखांनी उठून खुर्ची दिली. सरांनी घशावर हात ठेवून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. 

"तुमचा पेढा अजून पचला नाही गडदे," देशमुख म्हणाले, पण आवाज मऊ होता. "पोरं पाठवून द्या. फीचं बोलू नका. माझ्या बॅचमध्ये बसवतो."

"बसतील. पन चालणार न्हाईत."

"म्हणजे?"

"तुमच्या बोलीनं न्हाई चालणार ती. परीक्षा जवळ आली. आता नवी हाळी लावली तर जाग्यावर उभी राहतील."

"मग काय, मी मेंढरं हाकू?"

"व्हय," सर म्हणाले.

आणि त्यांनी फाटक्या आवाजात आपल्याकडची रीत सांगितली. कळप एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा नुसती दोरी हातात देत नाहीत. जुना मालक आणि नवा मालक काही दिवस सोबत चालतात. जुना पुढं राहून हाळी देतो, नवा मागून तीच म्हणतो. हळूहळू जुना मागं राहतो, नवा पुढं होतो. मेंढरं नव्याच्या आवाजाला वळली की जुना आपल्या वाटेनं निघून जातो, मागं वळून हाळी देत नाही. "ज्यानं कळप घ्यायचा त्यानं आवाज शिकायचा. मेंढरानं न्हाई."

देशमुखांनी टेबलावरची घंटी उचलली, खाली ठेवली. मला वाटलं, आता नाही म्हणतील. ते म्हणाले, "उद्या किती वाजता येऊ?"

मध्येच मी म्हटलं, सगळ्या हाळ्यांची यादी करून देते, सोपं जाईल. सरांनी मान हलवली. "यादीनं न्हाई येत ताई. चालावं लागतं."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या शर्टातले देशमुख सर आमच्या मागच्या बाकावर बसले. पोरं वळून वळून पाहत होती. गडदे सर पुढं, देशमुख मागं. सर म्हणायचे पिल्लू सोड, मागून देशमुख पुस्तकातलं वाचल्यासारखं म्हणायचे, "पिल्लू सोडा." पोरं फिदीफिदी हसायची. देशमुखांना ते आवडत नव्हतं हे दिसत होतं. पण ते रोज येत होते.

एके दिवशी सरांनी त्यांना पुढं उभं केलं आणि आपण मागच्या बाकावर जाऊन बसले. देशमुखांनी तास चांगला घेतला. शेवटी आकाश भरून आलं, लाइट मिचमिचली. देशमुख घाईघाईनं म्हणाले, "मुलांनो, आपापलं काम सेव्ह करून घ्या." पोरं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. लाइट गेली. अंधारात एक पोरगी रडायला लागली, तिचा पूर्ण अर्ज टाइप करून झाला होता. मागच्या बाकावरून सर काहीच बोलले नाहीत. बोलता आलं असतं, तेवढा आवाज शिल्लक होता.

देशमुख त्या पोरीजवळ गेले, म्हणाले, चूक माझी, उद्या मी तुझ्यासोबत बसून पुन्हा टाइप करतो. आणि केलंही.

त्यानंतरच्या तासाला लाइट मिचमिचली तेव्हा देशमुख असे ओरडले की खतवाला दुकानातून बाहेर आला. "दावण!" सगळी बोटं खाली गेली. मग लाइट गेली आणि अंधारात आधी देशमुखच हसले. पोरं हसली. मी मागं पाहिलं तर बाक रिकामा होता. सर जिना उतरून गेले होते.

नांदेडला जायच्या दिवशी देशमुख बसस्टँडवर आले. रुमालात बांधून पितळी घंटी आणली होती. "दवाखान्यात पाणीबिणी मागायला लागेल," म्हणाले. "नर्सा लवकर येत नाहीत, गडदे." सरांनी ती घेतली. एकदा हळू वाजवून पाहिली. मग स्वेटरच्या आत ठेवली.

ऑपरेशन झालं. सर वाचले. आवाज गेला. ते वसमतला परत आलेच नाहीत, गोरेगावला भावाकडे राहिले. आमची बॅच परीक्षेला बसली आणि कुणीही मागं राहिलं नाही. जिच्या घरून निरोप आला होता ती पोरगी पुढं हिंगोलीला एका दुकानात हिशेबाच्या कॉम्प्युटरवर लागली. माझीही पुढं देशमुखांच्या क्लासात सोय झाली. तिथं मी पाहिलं, देशमुखांची स्वतःची पोरंसुद्धा दावण म्हणायला लागली होती. खिडकीच्या गजाला हात लावून कपाळाला लावायची. देशमुखांनी त्यांना दोनदा शास्त्र समजावून सांगितलं आणि मग सोडून दिलं.

निकालाचा कागद घेऊन देशमुख आणि मी गोरेगावला गेलो. सेनगावहून जीप मिळाली. गावाबाहेर ज्वारी काढून झालेल्या रानात कळप बसलेला होता. दिवस कलायला लागला होता. सर बांधावर उभे होते, गळ्याला मफलर, डोक्यावर तीच टोपी. आम्हाला पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले. देशमुखांनी निकाल हातात दिला. सरांनी एकेक नाव बोटानं शोधत वाचलं. त्या पोरीच्या नावावर बोट थांबलं. मग कागद घडी घालून टोपीत ठेवला.

मला वाटलं, आवाज नसलेला माणूस या रानात करत काय असेल? तेवढ्यात त्यांनी स्वेटरच्या आतून घंटी काढली आणि वाजवली. आख्खा कळप उठला. दूरवर बाभळीखाली गेलेली चार मेंढरंही वळली. सगळी त्यांच्याकडे चालत आली.

देशमुख पाहतच राहिले. मारोती हसून त्यांना म्हणाले, "येकदम न्हाई आली जी. नुसती घंटी वाजवली तर ढुंकून बघत नव्हती. मंग दादानं मला संगं घेतलं. म्या हाळी द्यायची, त्यानं घंटी वाजवायची. दोन्ही संगं, रोज. आता दोन्हीला येतेत. म्या तोंड न्हाई उघडलं तरी."

देशमुखांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. इस्त्रीच्या शर्टाला चष्मा पुसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

चहा झाला. जीपवाला घाई करायला लागला. आम्ही बसलो तेव्हा मारोती वाघूर लावत होते आणि सर जाळीचा शेवटचा खुंटा ओढून पाहत होते. मग ते जीपजवळ आले. देशमुखांच्या बाजूच्या दांड्यावर हात ठेवला. ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द इतक्या वेळा ऐकलेले होते की कळायला वेळ लागला नाही. दावणीला बांधलं का?

"बांधलं, सर," देशमुख म्हणाले.

जीप वळली. मी मागं पाहिलं. सरांनी आमच्याकडे पाठ केली होती आणि ते जाळीपाशी परत निघाले होते. घंटी वाजली, पण ती आमच्यासाठी नव्हती.